संध्याकाळ सांभाळायची कशी? दारू सुटल्यानंतरच्या रोजच्या सवयींविषयी

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात जो भेटेल तो एकच सल्ला देतो: "आता मन घट्ट कर." सासरे सांगतात, शेजारचे काका सांगतात, कामावरचा मुकादमही सांगतो. सल्ला मनापासून दिलेला असतो. पण मन घट्ट करायचं म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आणि ज्या मेंदूच्या जोरावर मन घट्ट करायचं, तोच मेंदू त्या दिवसांत सगळ्यांत जास्त थकलेला असतो.

म्हणून इथे मनोनिग्रहाबद्दल कमी आणि जेवण, झोप, पगाराचा दिवस, घरी यायचा रस्ता अशा गोष्टींबद्दल जास्त लिहितो आहे. माझं ठाम मत आहे की पहिल्या वर्षात माणसाला तारतात त्या याच गोष्टी, आणि त्यातही संध्याकाळचे तीन तास ज्याने सांभाळले त्याचं बरंचसं काम झालं. लिहिणं मुख्यतः दारूबद्दल आहे, कारण आपल्याकडे प्रश्न सगळ्यांत मोठा तिचाच आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या 5.7 कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे.

आधी एक सावधगिरी

हे वाचणारा कुणी अजून रोज भरपूर पीत असेल आणि उद्यापासून एकदम बंद करायच्या विचारात असेल, तर त्याने आधी डॉक्टरांकडे जावं. कारण असं की मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं एक रसायन असतं, दारू त्याचा परिणाम वाढवते. मेंदूला चेतवणारं ग्लुटामेट असतं, त्याला ती दाबून ठेवते. वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू त्याप्रमाणे स्वतःला बदलून घेतो, शांत करणारी यंत्रणा सैल सोडतो आणि चेतवणारी वाढवतो. मग दारू थांबते, पण मेंदूतले बदल तसेच राहतात. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. केंद्रातली मंडळी याला 'टर्की' म्हणतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, काहींना दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. हे जिवावर बेतू शकतं. औषधांच्या मदतीने हा काळ सुरक्षित पार पडतो, तेव्हा स्वतःला खोलीत कोंडून घेण्यात कसलाही पराक्रम नाही.

टर्की आठवड्याभरात ओसरते. खरा लांबचा पल्ला त्यानंतर सुरू होतो, आणि घरच्यांना वाटत असतं की आता सगळं संपलं.

सगळं बेचव का लागतं

दारू सोडल्यावर पहिले काही महिने माणसाला कशातच गोडी वाटत नाही. मुलीचा निकाल चांगला लागतो, घरात पुरणपोळी होते, आणि हा नुसता बसून असतो. बायकोला वाटतं, पीत होता तेव्हा निदान हसत तरी होता. यात कृतघ्नपणा नसतो. आनंद आणि ओढ यांच्याशी निगडित असलेली मेंदूतली डोपामीनची यंत्रणा रोजच्या दारूच्या माऱ्याने बोथट झालेली असते. डोपामीन पेशींवर ज्या जागी चिकटून काम करतं त्या जागा, म्हणजे रिसेप्टर, कमी झालेल्या असतात. त्या पूर्ववत व्हायला महिने लागतात, काही बाबतींत वर्षही. तोवर साधा आनंद मेंदूपर्यंत पुरेसा पोचतच नाही.

हे आधीच माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. "दारूशिवायचं आयुष्य असंच असणार असेल तर कशाला जगायचं" हा विचार तिसऱ्या महिन्यात अनेकांना येतो. तो थकलेल्या मेंदूचा त्या वेळचा अनुभव आहे, उरलेल्या आयुष्याचं भाकीत नाही. पण विचार जीव देण्यापर्यंत जायला लागला, तर तो एकट्याने सोसायचा नसतो. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

संध्याकाळची भूक

पिणाऱ्या माणसाचं जेवणाचं वेळापत्रक कधीच मोडलेलं असतं. सकाळी चहा-बिडी, दुपारी डबा अर्धा, संध्याकाळी दारू आणि चखणा, रात्री अकराला जमलं तर दोन घास. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलिलिटरमध्ये, नुसत्या मद्यार्कातूनच 400 च्या वर कॅलरी मिळतात. म्हणजे रोज संध्याकाळी शरीराला एका जेवणाएवढी ऊर्जा मिळत होती, फक्त तिच्यात प्रथिनं नव्हती, जीवनसत्त्वं नव्हती. दारू बंद झाली आणि जेवण मात्र अकरालाच राहिलं, तर साडेसहाला शरीर ओरडणारच. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या भुकेला मेंदू एकच नाव देतो.

तेव्हा पहिली सवय ही: संध्याकाळी सहाच्या आत पोटभर काहीतरी खायचं. बिस्किटांवर भागवायचं नाही. उपमा, पोहे, केळं आणि दूध, पोळी-भाजीचा उरलेला डबा, काहीही. रिक्षा चालवणाऱ्याने सीटखाली डबा ठेवावा, साइटवर काम करणाऱ्याने सुटी होण्याआधीच खाऊन घ्यावं. एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. खारे शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, मसाला पापड हे एरवी चांगले पदार्थ, पण ज्याने ते वर्षानुवर्षं ग्लासाच्या शेजारी ठेवून खाल्ले त्याच्या जिभेला त्यांच्याबरोबर ग्लास आठवतो. पहिले काही महिने ते टाळलेले बरे. शेंगदाणे खायचेच असतील तर गुळाबरोबर खावेत.

गोड खायची ओढ बऱ्याच जणांना लागते. मधुमेह नसेल तर त्याची फार धास्ती घेऊ नये. चिक्की खाल्ली, शिरा खाल्ला तर बिघडत नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी. ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, शरीर फार साठवून ठेवू शकत नाही, जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकंच. दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषलंही जात नाही. त्याची मोठी कमतरता झाली की मेंदूला इजा होते: माणूस गोंधळतो, चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते. दारू सोडलेला माणूस असा वागू लागला तर "चोरून प्यायला असेल" असं म्हणून त्याला झोपवू नका, लगेच रुग्णालयात न्या. वेळेवर थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर बरंच नुकसान टळतं. केंद्रातून सुटताना डॉक्टरांनी ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या 'नुसत्या शक्तीच्या' समजून सोडू नयेत. रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, डाळी, तीळ, शेंगदाण्याचं कूट हे थायमिन देणारे पदार्थ आहेत आणि ते आपल्या स्वयंपाकघरात असतातच.

भूक, राग, एकटेपणा, थकवा

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना. तिच्या बैठकांमध्ये 'हॉल्ट' हा शब्द ऐकू येतो. इंग्रजीतल्या भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार शब्दांच्या आद्याक्षरांचा तो बनलेला आहे. तलफ आली की आधी थांबायचं आणि या चारपैकी आत्ता मला काय झालंय, हे स्वतःला विचारायचं. बहुतेक वेळा एक तरी सापडतं, आणि ते सापडलं की उपायही समोर येतो: भूक असेल तर जेवण, थकवा असेल तर आडवं होणं, एकटेपणा असेल तर माणूस.

हे किती खरं आहे ते एएचा जन्म कसा झाला त्यावरून कळतं. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच-सहा महिने झाले होते. काम फिसकटलं, बरोबरचे लोक परत गेले, खिशात फार पैसे नव्हते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटा येरझाऱ्या घालत होता. एका टोकाला बार होता आणि तिथून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि तिथे गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. एकटेपणा, थकवा, राग सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं होतं. तो टेलिफोनकडे गेला. एकामागून एक फोन लावत गेला, दारूशी झगडणाऱ्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचंय म्हणून. त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. दोघं तासन्‌तास बोलले. डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 रोजी, आणि एए तोच आपला स्थापना दिवस मानते.

त्या संध्याकाळी बिल विल्सननी मन घट्ट केलं असं म्हणता येईल, पण प्रत्यक्षात त्यांनी केलं ते एवढंच की बारपासून दूर जाऊन फोन उचलला. आजही व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला हेच शिकवतात. तीन माणसांचे नंबर फोनमध्ये सगळ्यांत वर ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे काही बिघडलेलं नसतानाही त्यांना रोज एक फोन करायचा. चांगल्या दिवशी फोन करायची सवय नसेल तर वाईट दिवशी हात पुढे होत नाही.

थकव्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तो चांगुलपणाच्या वेषात येतो. दारू सोडलेल्या माणसाच्या मनात अपराधाची भावना प्रचंड असते. बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं, पतपेढीचं कर्ज थकलेलं असतं, मुलांची फी राहिलेली असते. मग तो सगळं एका महिन्यात भरून काढायला जातो. दोन पाळ्या करतो, रविवारीही कामाला जातो, जेवण टाळून पैसे वाचवतो. घरचे खूश असतात. "मी आजवर एवढं वाटोळं केलं, आता स्वतःचे लाड कसले करून घेऊ?" असं तो म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. पण वेळेवर जेवणं आणि आठ तास झोपणं हे लाड नाहीत, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीइतकाच तो उपचार आहे. कर्ज फेडायला पुढची दहा वर्षं आहेत. ती दारूशिवाय मिळावीत यासाठीच आज सात वाजता घरी यायचं आहे.

तलफ किती वेळ टिकते

तलफ आलेल्या माणसाला वाटतं की प्यायलो नाही तर ही अशीच वाढत जाणार. तसं होत नाही. बहुतेक वेळा तलफ पंधरा ते तीस मिनिटांत चढते आणि उतरते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसन पुन्हा का सुरू होतं याचा खूप अभ्यास केला. ते तलफेला लाटेची उपमा देत. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगायचं आणि ती फुटेपर्यंत थांबायचं. प्रत्यक्षात करायचं ते असं: असाल तिथून उठा, जागा बदला, मोठा तांब्याभर पाणी प्या, घड्याळ बघा आणि अर्धा तास पुढे ढकला. त्या वेळात भरभर चाला. थोडा वेळ भरभर चालल्यानेही तलफेचा जोर कमी होतो, हे विशेषतः तंबाखूच्या बाबतीत चांगलं दिसून आलं आहे. शरीरात तलफ कुठे जाणवते तिकडे लक्ष द्या, घशात, पोटात, तळहातावर. दर वेळी न पिता तलफ ओसरली की पुढची थोडी सौम्य येते, कारण मेंदू नवा धडा शिकत असतो.

उद्याचा, पुढच्या वर्षीचा विचार त्या अर्ध्या तासात करू नये. "आयुष्यात पुन्हा कधीच नाही" हे ओझं कुणालाच पेलत नाही. 'फक्त आजचा दिवस' हे एए आणि आपल्याकडची व्यसनमुक्ती केंद्रं का सांगतात, ते अशा वेळी समजतं.

रिकामी झालेली वेळ

दारू रोजचे तीन-चार तास खात होती. ती गेली की ते तास मोकळे पडतात आणि मोकळा वेळ फार छळतो. घरात टीव्ही बघत बसून तो भरत नाही, निदान पहिल्या वर्षात तरी. इथे आपल्या गावांमधली एक जुनी व्यवस्था आठवते. पंढरीच्या वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटतं, आणि "मी माळ घातलीय" म्हटल्यावर त्याच्यापुढे ग्लास करायला सहसा कुणी धजत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावोगावी संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो, अगदी त्याच वेळेला, जेव्हा बाकीचे अड्ड्याकडे वळतात. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, न पिणारी माणसं, गळा मोकळा करून म्हणायचे अभंग, आणि तुम्ही आला नाहीत तर "काय रे, काल दिसला नाहीस?" असं विचारणारं कुणीतरी. एएच्या बैठकीतही हेच सगळं असतं, फक्त अभंगांच्या जागी प्रत्येकाचं शेअरिंग, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगणं असतं. श्रद्धा नसेल त्याने तालमीत जावं, भावाच्या दुकानात बसावं, मुलाचा अभ्यास घ्यावा. वेळ ठरलेली हवी आणि कुणीतरी वाट बघणारं हवं, एवढं पुरे.

रस्त्याचंही तसंच. घरी येताना परमिट रूम लागत असेल तर एक स्टॉप आधी उतरून मागच्या गल्लीने यावं. काही लोक मुद्दाम त्याच रस्त्याने येतात, स्वतःची परीक्षा घ्यायला. ही परीक्षा कुणी मागितलेली नाही. मार्लट यांनी दाखवून दिलंय की माणूस प्यायच्या आधी बरेचदा लहान, निरागस वाटणारे निर्णय घेत येतो: जुन्या मित्राला सहज फोन, त्या चौकात पान खायला थांबणं, पाहुण्यांसाठी म्हणून घरात बाटली ठेवणं. घसरण तिथेच सुरू झालेली असते.

पगाराचा दिवस, शनिवारचा हप्ता, आठवडी बाजार, यांचं नियोजन आदल्या दिवशी करावं. खिशात गरजेपुरतेच पैसे, बाकीचे त्याच दिवशी घरी. फोनवरून पैसे देण्याची मर्यादा कमी करून ठेवता येते, तीही करावी. ही व्यवस्था स्वतः माणसाने सुचवली तर त्याचा मान राहतो, बायकोने खिसे चाचपले तर राहत नाही.

गटारी, हळदीची रात्र, शिमगा, विसर्जनाची मिरवणूक, 31 डिसेंबर. पहिल्या वर्षात यांतले काही समारंभ सरळ टाळावेत. लग्नाला जावं, हळदीला जाऊ नये. जाणं भागच असेल तर लवकर जावं, जेवून लवकर निघावं, हातात कोकम सरबताचा ग्लास ठेवावा आणि नाही म्हणायचं एक वाक्य ठरवून ठेवावं. "डॉक्टरांनी बंद केलीय" हे पुरेसं आहे. लांबलचक कारणं दिली की समोरचा वाद घालतो.

झोप

"झोप लागत नाही म्हणून प्यायलो" हे कारण खोटं नसतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा दुसरा भाग तुटक होतो आणि स्वप्नांची झोप कमी होते. सोडल्यावर ही दाबलेली स्वप्नं उसळून येतात. अनेकांना आपण पितोय असं स्वप्न पडतं, इतकं स्पष्ट की उठल्यावर तोंडाला वास येतोय असं वाटतं. हे अगदी नेहमीचं आहे, त्याचा अर्थ तुम्हाला प्यायची इच्छा आहे असा होत नाही. झोप रुळायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. करायचं ते साधंच आहे: रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी उठायची वेळ बदलायची नाही, दुपारी ताणून द्यायची नाही, आणि चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि एक व्यसन जाऊन दुसरं बसतं.

गोळ्या आणि चोरून दिलेलं औषध

याबद्दल मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. डायसल्फिरम नावाचं औषध आहे. दारू सोडवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो हे 1940च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आलं. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असेल तर मृत्यूही येऊ शकतो. माणसाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिलं तर हे चांगलं औषध आहे. पण नवऱ्याच्या चहात, भाजीत गुपचूप मिसळायची पावडर म्हणून जे काही विकलं जातं त्यात काय असतं हे विकणाराच जाणे, आणि डायसल्फिरम असलं तर तो माणूस बेसावधपणे पिऊन जिवाला मुकू शकतो. ताई, काकू, तुमची अगतिकता समजते, पण हे करू नका.

जो स्वतःहून डायसल्फिरम घेतो त्याने लक्षात ठेवायचं की शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत मद्यार्क असतो. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांत तो आंबवण्यातून आपोआप तयार झालेला असतो, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. कुठल्याही डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच असावं: मी दारू सोडली आहे. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकँप्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत. ती सुरू करायची की थांबवायची, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

तंबाखूचं काय?

"दारू सोडली हेच खूप झालं, तंबाखू राहू दे" असं सगळेच म्हणतात. बिल विल्सननी 1934 च्या डिसेंबरात दारू सोडली ती पुन्हा घेतली नाही, पण सिगारेट सुटली नाही आणि 1971 मध्ये ते गेले ते फुप्फुसांच्या एम्फिसीमा आणि न्यूमोनियाने. दोन्ही सोडल्याने दारू सोडणं अवघड होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काहींना मदतच होते. सगळं एकाच दिवशी सोडायला हवं असं नाही. पण मिश्री, गुटखा, बिडी वाढत तर नाही ना, एवढं तरी पहिल्या महिन्यापासून बघावं.

घरातल्यांसाठी

रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं, उशीर झाला की दारातच उलटतपासणी करणं, भांडणात "तू कोण आहेस माहितेय" म्हणणं, यामागची वर्षानुवर्षांची भीती खरी असते. पण भांडण आणि अपमान ही पुन्हा पिण्याची मोठी कारणं आहेत, हेही तितकंच खरं. बायकोने, आईने स्वतःचंही दुखणं कुठेतरी बोलायला हवं, फक्त नवऱ्यापुढे नव्हे. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. 1986 साली ब्राउन शुगरने, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनने, तरुण मुलं बरबाद होत होती तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हे केंद्र सुरू केलं, आणि कुटुंबालाही उपचाराची गरज असते हे तिथे ओळखलं गेलं. एएच्या बरोबरीने नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात. त्यांना फी नसते आणि नाव सांगायची सक्ती नसते.

घसरलात तर

अमेरिकेची राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्था सांगते की उपचारानंतर 40 ते 60 टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि रक्तदाब किंवा दमा असलेल्यांमध्येही उपचार सुटून आजार उलटण्याचं प्रमाण साधारण एवढंच असतं. स्लिपपेक्षा, म्हणजे एकदा घसरून पिण्यापेक्षा, घातक असतो तो तिच्यानंतरचा विचार: "आता गेलंच सगळं, तर पुरती बाटलीच संपवू." एका पेगचे पंधरा दिवस या विचारामुळे होतात. उरलेली बाटली ओतून द्यायची, ज्यांचे नंबर फोनमध्ये वर ठेवलेत त्या तिघांपैकी एकाला त्याच दिवशी फोन करायचा, जेवून झोपायचं, दुसऱ्या दिवशी केंद्रात किंवा बैठकीला जायचं. दोन-तीन दिवस सलग प्यायला असाल आणि बंद केल्यावर हात थरथरायला लागले, तर डॉक्टरांकडेच जायचं.

ब्राउन शुगर किंवा अफूच्या जातीचं कुठलंही द्रव्य सोडलेल्या माणसाला एक जास्तीचा धोका असतो. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पूर्वी चालत होतं तेवढंच प्रमाण पुन्हा घेतलं तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. हे त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना दोघांनाही स्पष्ट शब्दांत माहीत असलं पाहिजे.

बोलायला कुणीच नसेल तर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन लावल्यावर काय बोलायचं असा प्रश्न अनेकांना पडतो. "मी दारू सोडलीय आणि आत्ता मला फार तलफ आलीय" एवढं एक वाक्य बोललात तरी पुढचं विचारायला तिकडे माणूस असतो.